मदत हवी आहे: लो मेडिकल कॅटेगरीत असताना बीपीईटीत (सैन्याच्या शारीरिक क्षमता चाचणीत) 'फेल' अशी नोंद, दुरुस्त कशी करून घ्यायची?

माझे मिस्टर सैन्यात हवालदार आहेत, सध्या फील्डला. नोकरीबद्दल त्यांना असं उघड्यावर लिहिता येत नाही, म्हणून मी लिहितेय. युनिट, ठिकाण सांगणार नाही, कृपया विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. एमएचच्या (मिलिटरी हॉस्पिटलच्या) मेडिकल बोर्डाने शेप-वनमधून (पूर्ण फिट कॅटेगरीतून) काढून ए-३, टी-२४ दिली, म्हणजे २४ आठवड्यांची तात्पुरती कॅटेगरी. पळणं, पीटी, वजन उचलणं बंद, असं कागदावर स्वच्छ लिहिलंय. नेमकी त्याच काळात युनिटची बीपीईटी झाली. (माहीत नसलेल्यांसाठी: सामान आणि रायफल घेऊन ५ किमी धाव, शिवाय ६० मीटर स्प्रिंट, दोर, ९ फुटी खड्डा.) हे मैदानात उतरलेच नाहीत. तरी नावापुढे 'सूट' न लागता 'फेल' लागलं.

पुढे ते परत शेप-वन झाले, नंतरची बीपीईटीही पास झाले. आता नायब सुभेदारच्या यादीत नाव नाही आणि कारण म्हणून त्या वर्षीची सीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) आणि हीच नोंद दाखवतात. क्लार्क म्हणतो, निकालावर बीपीईटी घेणाऱ्या बोर्डाच्या सह्या झाल्या, आता हात लावता येत नाही. लेखी अर्ज दिलाय, उत्तर नाही.

आमच्याकडे साताऱ्यात घरटी फौजी, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नाही. "पुन्हा पास झालाय ना, मग गप्प बसा" आणि "वर कुणाची ओळख काढा" हे दोन सोडून काही असेल तर सांगा. थेट ट्रिब्युनलला (सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे) जाता येतं का? मुदत कधीपासून धरतात? आणि नोंद व सीआर, दोन्हींसाठी वेगवेगळं भांडायचं का?

माजी_सुभेदार:
ताई, सगळी केस दोन तारखांवर आहे. कॅटेगरी लागली की तिची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डसाठीची लेखी ऑर्डर, निघते. ती ऑर्डर आणि बीपीईटीची तारीख शेजारी शेजारी ठेवा. जोडीला बीपीईटीच्या बोर्ड प्रोसिडिंग्जची, म्हणजे निकालाच्या कागदांची, प्रत मागा. त्यांच्या नावापुढे धावण्याची वेळच नसेल, तर फेल कशात केलं हे युनिटलाच सांगावं लागेल. 'सह्या झाल्या' हे काही उत्तर नाही. चुकीची ऑर्डर रद्द करून नवी काढतात, मी काढलेल्या पाहिल्यात.

थेट ट्रिब्युनल नको. आधी आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम २६ खाली तक्रार, सीओमार्फत (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत). नेटवरचे बरेच नमुने अफसरांचे, म्हणजे कलम २७ चे असतात, ते उचलू नका. पोच घ्याच. नोंद दुरुस्त करा, सीआरमधला तेवढा भाग काढा आणि प्रमोशनचा फेरविचार करा, तिन्ही मागण्या एकाच तक्रारीत लिहा. नुसती नोंद सुधारली आणि सीआर तशीच राहिली तर हातात काही पडत नाही.

वकील_पुणे:
मुदतीचं सांगतो. ट्रिब्युनलच्या २००७ च्या कायद्यानुसार अंतिम आदेश मिळाल्यापासून ६ महिने. आदेशच आला नाही, तर तक्रारीनंतर ६ महिने थांबायचं आणि त्यापुढच्या ६ महिन्यांत जायचं. आधीच्या लेखी अर्जाची तारीखही जपा, मोजणी तिथून धरली जाऊ शकते. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. आणि घर साताऱ्यात म्हणून मुंबईचं बेंच मिळेलच असं नाही, नोकरीत असेपर्यंत पोस्टिंग कुठे आहे किंवा प्रकरण कुठे घडलं ते बघतात.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. मेडिकल बोर्डाची प्रत घरी आहे, पार्ट टू ऑर्डरची नाही. तक्रारीवर मी सही करून पाठवली तर चालेल का? त्यांना सुट्टी लवकर मिळेल असं दिसत नाही.

माजी_सुभेदार:
नाही ताई, सही त्यांचीच. मसुदा तुम्ही तयार करून पाठवा, ते तिथूनच देतील, त्यासाठी सुट्टी लागत नाही. पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख त्यांना युनिटमधूनच मिळेल, ती जागा रिकामी ठेवा.