दीड वर्षाच्या मुलाच्या हातात काय द्यावं, सिपर की फुलपात्र?

हर्णैची सून

गेल्या आठवड्यात लेकाचा सिपर मी कचऱ्यात टाकला आणि घरात दोन तट पडले. सासरे माझ्या बाजूने, नवरा विरुद्ध. तुमचे अनुभव हवे आहेत, पण माझं मत आधीच सांगते: सिपर नकोच.

मुलगा एक वर्ष सात महिन्यांचा आहे. अकराव्या महिन्यापासून न सांडणारा सिपर वापरत होता, चोचीच्या आत रबरी व्हॉल्व्ह असतो तसला. रोज रात्री उकळत्या पाण्यात घालायचा, सकाळी पालथा ठेवून वाळवायचा. मी कधी कंटाळा केला नाही. पण श्रावणात आमच्याकडे वाळतं काय? लंगोट चौथ्या दिवशीही हाताला ओलसर लागतात, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. त्या दिवशी त्याला पाणी ओढता येईना, म्हणून सुईच्या टोकाने व्हॉल्व्हची चीर उलगडली. आत काळी बुरशी होती. महिनाभरात त्याला दोनदा जुलाब झाले होते. ते बुरशीमुळेच झाले असं मी म्हणणार नाही, पावसात विहिरीचं पाणीही गढूळ असतं. पण रोज उकळूनही जी जागा मला दिसतच नव्हती, तीच रोज त्याच्या तोंडात जात होती, हे मनातून जात नाही.

आता फुलपात्र देते. तळाला दोन घोट, जास्त नाही. पहिले चार दिवस सगळं छातीवर सांडलं. पाचव्या दिवशी दोन्ही हातांनी धरलं, ओठ काठाला लावला आणि घोट घेतला. सिपरमधून तो पाणी पीत नव्हता, बाटलीसारखं ओढत होता, हे मला तेव्हा कळलं. आमच्या आत्याबाईंच्या ट्रंकेत चांदीचं बोंडलं आहे, बाळाला पाजायचं चोचीचं छोटं भांडं. त्यात नळी नाही, व्हॉल्व्ह नाही, बोट फिरवलं की स्वच्छ. आपल्याकडे हे असताना आपण काय विकत घेऊन बसलो?

रत्नागिरी–कोल्हापूर

ताई, बुरशीचं वाचून अंगावर काटा आला. तरीही तुमचं मत मला पटत नाही.

मी रत्नागिरीत नोकरी करते, माहेर कोल्हापूरचं. मुलगी दोन वर्षांची. महिन्यातून एकदा तिला घेऊन एस्टीने आंबा घाट चढते. एका हातात ती, एका हातात पिशवी, खिडकीची जागा मिळाली तर नशीब. तिथे फुलपात्रात पाणी ओतून दाखवा. सिपर नसता तर ती चार तास तहानलेली राहिली असती, नाहीतर आम्ही दोघी ओल्या कपड्यांत कोल्हापूरला उतरलो असतो.

दुसरी गोष्ट घरातली. आमच्या घरात सगळीकडे लादी आहे. मागच्या वर्षी मुलीने वाटीतलं पाणी सांडलं, मी स्वयंपाकघरात होते, सासूबाई त्यावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ‘सांडू द्या, शिकतं मूल’ असं म्हणणं सोपं आहे. ते पुसायला त्या क्षणी घरात कोण आहे, हे आधी विचारा. बहुतेक वेळा ती आईच असते, आणि तिचे दोन्ही हात कणकेत असतात.

मालवणची आजी

गो बाय, आमच्या घरात सात पोरां वाढली. बाटली कोणाक नाय. बोंडला होता, नायतर वाटी आणि बोट. पेजेची निवळ तेतूरसूनच घालू. सांडला तर खळ्यात सांडला, शेणान सारवलेला, घटकाभरात सुकता. पण ह्या दुसऱ्या बायचा पण खरा असा. लादयेर पाणी पडला की म्हाताऱ्या माणसाचा हाड जाता. माझ्या जावेचा खुबो असोच गेलो.

अलिबागकर बाबा

या विषयावर मी बरंच वाचलं आहे, मुलीच्या वेळी घरात हाच वाद झाला होता.

न सांडणारा सिपर १९८० च्या दशकात अमेरिकेत एका इंजिनिअर बापाने बनवला. त्याचं मूल घरभर रस सांडत फिरायचं, म्हणून. म्हणजे ही वस्तू जन्मली ती जमिनीसाठी, मुलाच्या तोंडासाठी नाही. तिथल्याच बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की सहाव्या महिन्याच्या आसपास कपाची ओळख करून द्या आणि १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान बाटली सोडवा. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, आणखी स्पष्ट आहे: उघडा कप द्या किंवा व्हॉल्व्ह नसलेला, पाणी आपोआप येणारा कप द्या. व्हॉल्व्ह असला की मुलाला चोखावं लागतं. व्हॉल्व्ह नसला की ते घोट घ्यायला शिकतं.

आणि एक. २०१२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९१ ते २०१० या वीस वर्षांत बाटली, चोखणी आणि सिपर यांमुळे जखमी होऊन तिथल्या तातडीच्या विभागात गेलेली तीन वर्षांखालची मुलं अंदाजे ४५ हजार. बहुतेक जण ती वस्तू तोंडात धरून चालताना पडलेले. माझा कौल हर्णैच्या ताईंना.

रत्नागिरी–कोल्हापूर

दादा, त्याच अभ्यासात त्या ४५ हजारांतला सिपरचा वाटा साधारण १४ टक्के आहे, दोन तृतीयांश बाटल्यांचा. तेही सांगायला हवं होतं. आणि मूल पडलं ते चालता चालता पीत होतं म्हणून. बसवून पाजा, हा त्याचा अर्थ. तोंडात चमचा धरून पळणारं मूलही पडेल.

‘जमिनीसाठी जन्मलेली वस्तू’ हे तुम्ही कमीपणाने लिहिलंत असं वाटलं. जमिनीसाठी असली म्हणून काय झालं? जमिनीवर माणसं चालतात. माझ्या सासूबाई चालतात.

अलिबागकर बाबा

टक्केवारी मी सांगायला हवी होती, मान्य. व्हॉल्व्हबद्दल मात्र मत बदलत नाही.

गुहागरकरीण

माझा अनुभव दोन्ही बाजूंना लागू होईल, म्हणून लिहिते. जरा सविस्तर लिहिते, कारण कुणी मला वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मोठ्या मुलाला सिपर दिला तो पाण्यासाठी. मग उन्हाळ्यात त्यात कोकम सरबत आलं. मग दूध. तो सिपर दिवसभर त्याच्या हातात असायचा, झोपताना उशाशीसुद्धा. शेजारपाजारचे म्हणायचे, किती शांत मूल आहे. सव्वादोन वर्षांचा असताना वरच्या पुढच्या दातांवर हिरडीजवळ पांढुरके पट्टे दिसले. मी दूध साचलं असेल म्हणून पुसत राहिले. चार महिन्यांत ते तपकिरी झाले आणि एक दात काठाला तुटला. दातांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘दिवसातून किती वेळा गोड तोंडात जातं?’ मी म्हटलं, दोन कप सरबत. त्या म्हणाल्या, ‘किती कप नाही विचारलं, किती वेळा?’ तेव्हा कळलं. दोन कप सरबत दहा मिनिटांत पिऊन टाकलं तर तोंडाला उसंत मिळते, लाळ दातांची काळजी घेते. तेच सरबत सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटघोट गेलं तर दात सतत साखरेत आणि आंबटात भिजत राहतात. खालचे दात जिभेच्या आड असतात म्हणून वाचले. वरचे चारही गेले. सहा वर्षांचा होईपर्यंत तो हसताना ओठ मिटायचा. ते मी विसरू शकत नाही.

सिपर वाईट की चांगला, यापेक्षा त्यात काय आहे आणि तो किती वेळ हातात आहे, ते बघा. फुलपात्राचा मोठा फायदा मला हाच वाटतो की ते घेऊन मूल फिरू शकत नाही. प्यायचं, ठेवायचं, संपलं. धाकटीला सिपर दिला, पण त्यात पाण्याशिवाय काही घातलं नाही. तिचे दात नीट आहेत. सरबत वाटीतून, जेवणासोबतच.

कुडाळची अंगणवाडी सेविका

नमस्कार. मी सोळा वर्षं अंगणवाडीत काम करते. बोलायला लागले की पालक म्हणतात, तुम्ही जुन्या वळणाच्या, म्हणून आधी सांगते की सिपर मीही भाचीसाठी विकत घेतला आहे.

पण पावसाळ्याचे चार महिने मी दारोदार ओआरएस वाटते, तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, बाळ कशातून पितं? एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक पाकीट, आणि ते वाटी-चमच्याने, थोडं थोडं. जोडीला झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. आणि दरवेळी कुणीतरी आई ते पाणी त्याच न धुतलेल्या बाटलीत ओतताना दिसते. ज्या भांड्यातून आजार आला असेल त्याच भांड्यातून औषध. मी हातातून बाटली काढून घेते, राग आला तरी चालेल.

दुधाच्या बाटलीच्या जाहिरातीला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. ती बंदी उगाच आलेली नाही. हर्णैच्या ताई, तुम्ही उकळलंत हे बरोबर केलंत, पण सुटे भाग वेगळे न करता उकळलं तर चिरेत अडकलेलं दूध तिथेच शिजतं. व्हॉल्व्ह काढून, ब्रशने घासून, मग उकळायचं. आमच्या गावात तेवढा वेळ असलेल्या आया मला फार कमी भेटतात. स्टीलची वाटी राखेने घासली तरी निघते.

देवगडचा बाप

तुम्हा सगळ्यांचं वाचलं. एक विनंती आहे.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. जन्मताना त्याला प्राणवायू कमी पडला, स्नायूंवर ताबा कमी आहे. तो मान मागे टाकून फुलपात्रातून पिऊ शकत नाही, ठसका लागतो आणि पाणी श्वासनलिकेत जायची भीती असते. त्याच्या थेरपिस्टनी आधी एका बाजूने कापलेला कप दिला. नाकाच्या जागी खाच असते, म्हणजे मान न उचलता कप कलता करता येतो. आता तो आखूड नळीने पितो, त्यासाठी आठ महिने लागले. पहिल्यांदा स्वतः दोन घोट ओढले तेव्हा बायकोने आंब्याच्या पेट्या भरायचं काम तसंच टाकून आईला फोन केला.

लग्नाकार्यात लोक त्याच्या हातातली नळी बघून मला सांगतात, ‘एवढा मोठा झाला, आता सोडव ती सवय.’ ‘सिपर नकोच’ हे वाक्य वाचताना मला तेच ऐकू आलं. तुमचा तसा हेतू नव्हता हे कळतं. पण ‘नकोच’ मधला तो ‘च’ काढाल का?

हर्णैची सून

काढला, दादा. मनापासून माफी मागते. माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझा मुलगा होता.

सेविकाताई, मी व्हॉल्व्ह वेगळा करत नव्हते. तो निघतो हेच मला माहीत नव्हतं.

पण ज्यांच्या मुलाला असा त्रास नाही त्यांच्यासाठी माझं म्हणणं तसंच आहे. आणि रत्नागिरीच्या ताई, तुमच्या सासूबाईंचं वाचल्यापासून मी त्याला पाणी पडवीतच देते, लादीवर नाही.

रत्नागिरी–कोल्हापूर

एक विचारू? बोंडल्यालाही चोच असते. मग तो सिपरच झाला ना?

हर्णैची सून

दोन दिवस यावर विचार केला. चोच आहे, पण बोंडलं आईच्या हातात असतं. ती बाळाच्या तोंडाकडे बघत ओतते, थांबते, पुन्हा ओतते. सिपर दिला की आपण उठून जातो. मीही उठून जायचे, खरं सांगते.

रत्नागिरी–कोल्हापूर

आणि मला तेच हवं आहे. मी उठून जावं आणि तिने स्वतः प्यावं. तहान लागली तर कोपऱ्यातून आपला सिपर उचलते, पिते, परत ठेवते. दोन वर्षांच्या पोरीला कुणापुढे तोंड वासून बसावं लागत नाही. बोंडल्यात ते कुठून येणार?

मालवणची आजी

माझ्या धाकट्या झिलान अडीच वर्साचो असताना कळशेत वाटी बुडवून आपलाच पाणी घेतलेला. पोर शिकता. कळशी तेच्या हाताक लागात अशी खाली ठेवूक व्हयी.

रत्नागिरी–कोल्हापूर

आजी, हे करून बघते. खालच्या फळीवर लहान तांब्या, त्याच्याखाली जुना टॉवेल.

हर्णैच्या ताई, काल रात्री तुमच्यासारखी सुई घेऊन बसले. आमच्या व्हॉल्व्हमध्ये बुरशी नव्हती, पण पांढरा बुळबुळीत थर निघाला, आणि मी यात आठ महिने दूध दिलेलं नाही. व्हॉल्व्ह काढून फेकला. आता उलटा केला की सिपर गळतो, म्हणजे एस्टीत मांडीवर रुमाल लागणार. तेवढं चालेल. शनिवारी घाट चढतोय, सिपर सोबत आहे.