घर बांधायच्या आधी क्लायंटला व्हीआरमध्ये फिरवून दाखवताय का कोण? (कोल्हापूर)

राजारामपुरी_ड्राफ्ट विचारतो:

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत आमचं लहान आर्किटेक्चर ऑफिस आहे, बंगले आणि छोट्या अपार्टमेंटची कामं करतो. सध्या कळंब्याकडं एका कुटुंबाचा ग्राउंड प्लस वन बंगला चालू आहे आणि प्लॅन काही केल्या फायनल होईना. साहेबांना प्लॅन कळतो, पण वहिनी आणि त्यांच्या सासूबाईंना कागदावरच्या रेघा बघून खोली डोळ्यासमोर येत नाही, आणि यात त्यांचं काही चुकत नाही, आम्हाला हेच शिकायला कॉलेजात पाच वर्षं लागली. थ्रीडी व्ह्यू काढून दिले की सगळे छान म्हणतात, कारण व्ह्यू छानच दिसतो, कॅमेरा कोपऱ्यात आणि लेन्स वाइड, ११ बाय १२ ची बेडरूम पण त्यात हॉलसारखी वाटते. मग स्लॅब पडल्यावर खोलीत उभं राहून विचारतात, "एवढीच का?" तवर वेळ गेलेली असते.

म्हणून व्हीआरचा (व्हर्च्युअल रिॲलिटी) हेडसेट घ्यावा म्हणतोय, डोळ्यांवर लावला की मॉडेलमधल्या घरात उभं राहिल्यासारखं दिसतं तो. काम स्केचअपमध्ये (थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर), लॅपटॉप आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डवाला. हेडसेट कुठला, सॉफ्टवेअर कुठलं, आणि सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत तर चक्कर वगैरे येईल का? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, व्हीआरमध्ये बघून घेतलेला निर्णय प्रत्यक्षात खरा निघतो का?

उद्यमनगर_पीसी:

लॅपटॉप चालतोय भावा, पण लॅपटॉपच्या ३०६० ला व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची मेमरी) ६ जीबीच, त्यामुळं मॉडेल हलकं ठेवायलाच लागणार. हेडसेट सेकंदाला ७२ किंवा ९० फ्रेम मागतो, ९० धरल्या तर एका फ्रेमला फक्त ११ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांची दोन वेगळी चित्रं तयार व्हायला पाहिजेत. थ्रीडी वेअरहाऊसमधनं (स्केचअपची तयार मॉडेलची ऑनलाइन लायब्ररी) उचललेली एखादी नक्षीदार खुर्ची कधी कधी अख्ख्या घरापेक्षा जड असते, ती काढ. झाडं, गाडी, उशा सगळं काढ, घर ठेव.

मेटाचा क्वेस्ट ३ हेडसेट घे. ३एस स्वस्त आहे आणि आतली चिप तीच आहे, पण लेन्स जुन्या फ्रेनेल (गोल खाचांच्या) पद्धतीच्या आणि दोन डोळ्यांतलं अंतर तीनच टप्प्यांत बदलता येतं. ३ ला चाक आहे, ५८ ते ७१ मिलिमीटर, आणि तुझ्याकडं दर दहा मिनिटाला वेगळं डोकं त्यात जाणार म्हणून हे चाक लई कामाचं. ते न जुळवता घातलं की धूसर दिसतं, मग माणूस म्हणतो मशीनच बेकार.

सॉफ्टवेअर म्हणशील तर एन्स्केप स्केचअपच्या आतच चालतं, मॉडेलमध्ये भिंत सरकवली की हेडसेटमध्ये लगेच सरकलेली दिसते, मीटिंगमध्ये याचा फार उपयोग. वर्षाला पैसे भरायचे नसतील तर ट्विनमोशन बघ, वर्षाची उलाढाल १० लाख डॉलरच्या आत असेल तर ते फुकट आहे. वायफायवरनं चालवणार असशील तर राउटर त्याच खोलीत, ५ गिगाहर्ट्झवर, आणि लॅपटॉपला लॅन केबल. नाहीतर सरळ यूएसबी केबल लाव.

तिसरा_मजला:

चकरेचं सांगतो. डोळे म्हणतात आपण चालतोय आणि कान म्हणतो आपण जागेवरच आहोत, या भांडणात मळमळतं. म्हणून जॉयस्टिकनं सरकवत न्यायचं नाही कोणालाच, टेलिपोर्ट ठेवायचं, म्हणजे बोट दाखवलं की तिथं उभं. आजींना हात असलेल्या साध्या खुर्चीत बसवा, फिरत्या खुर्चीत अजिबात नको, आणि जिन्यावरनं नेऊ नका. पाच मिनिटं पुरे. कंट्रोलर त्यांच्या हातात देऊच नका, फिरवायचं काम तुम्ही करा, त्यांनी नुसतं बघायचं. एक मात्र ध्यानात ठेवा, बसून बघताना डोळ्याची उंची बसल्याची राहते, ती सेटिंगमध्ये उभ्या माणसाएवढी करून घ्या, नाहीतर खिडकीची सिल लेव्हल (खालची कड) छातीला यायची ती नाकाला येते.

आता निर्णय खरा निघतो का ते. हेडसेटमध्ये अंतरं खऱ्यापेक्षा कमी वाटतात, संशोधनात हे पुन्हा पुन्हा दिसलंय, नव्या हेडसेटमध्ये सुधारलंय पण गेलेलं नाही. म्हणजे व्ह्यूमध्ये खोली मोठी वाटते आणि हितं थोडी लहान. क्लायंट घाबरून "दोन फूट वाढवा" म्हणतो आणि आपण वाढवून बसतो, साइड मार्जिन (हद्दीपासून सोडायची जागा) आधीच काठावर.

यावर मी एक करतो आणि ते सोडून व्हीआर दाखवतच नाही. त्यांचं आत्ताचं घर टेपनं मोजून घ्यायचं, निदान स्वयंपाकघर आणि एक बेडरूम, आणि ते साधं पांढरं मॉडेल करून पहिल्यांदा त्यातच सोडायचं. रोज वावरतात त्या खोलीत उभं राहिले की डोळा आपोआप जुळतो, मग त्यानंतर नवीन खोली दाखवायची. तेव्हा प्रतिक्रिया "लहान आहे" अशी येत नाही, "आमच्या आत्ताच्यापेक्षा हातभर मोठी आहे पण खिडकी कोपऱ्यात गेली" अशी येते, आणि असल्या वाक्यावर काम करता येतं. मॉडेल एक तास जास्त घेतं, घेऊ दे.

आणि पॉलिश्ड फ्लोरिंग, झुंबर, परदे लावून दाखवू नका प्लॅन ठरेपर्यंत. करड्या भिंती, पांढरी छत, बीम खालपर्यंत जेवढा येणार तेवढा दाखवायचा. डायनिंगवर १८ इंच बीम लटकणार असेल तर तो आत्ताच दिसू दे. जिना तर आजी सोडून बाकीच्यांना नक्की दाखवा, हेडरूम (डोक्यावरची मोकळी उंची) आणि लँडिंग (जिन्याच्या मधला सपाट टप्पा) प्लॅनवर कुणालाच कळत नाही.

शाहूपुरीची_काकू:

मी आर्किटेक्ट नाही, घर बांधून घेतलेली बाई आहे, म्हणून आमच्या बाजूनं लिहिते. आम्हाला हेडसेट घालून दाखवलं तेव्हा मला हॉलचं काही पडलं नव्हतं, मी ओट्यापाशीच थांबले. सिंकपासून गॅसपर्यंत किती पावलं, फ्रिजचं दार उघडल्यावर मागनं कोण जाऊ शकतं का, कुकर उतरवून ठेवायला जागा कुठं, हे सगळं तिथं उभं राहिल्यावरच सुचलं, कागदावर कधीच सुचलं नसतं. पण ओटा दिसतो आणि हाताला लागत नाही, मग उंची कशी कळणार? आमच्या आर्किटेक्टनी तेवढ्या उंचीचं टेबल बरोबर त्या जागी आणून ठेवलं, हात टेकला आणि मी म्हटलं हे मला उंच होतंय, कणीक मळताना खांदे भरून येतील. ३४ चा ३२ इंच केला.

आणि भाऊ, घातल्यावर कानाशी बोलत राहू नका. "हे बघा वहिनी, हे बघा" केलं की माणूस तुम्ही म्हणाल तेच बघतं. गप्प बसा आणि त्या कुठं थांबतात ते लिहून घ्या. सुनेला आणि सासूबाईंना वेगवेगळं दाखवा, एकमेकींसमोर दोघीही खरं बोलणार नाहीत.

राजारामपुरी_ड्राफ्ट:

काकू, टेबलाचं लाखात एक सांगितलंत, उद्याच फोल्डिंग टेबल बघतो. आत्ताचं स्वयंपाकघर मोजायला रविवारी जातोय. एकच राहिलं, सासूबाईंचं म्हणणं देवघरात सकाळचं ऊन यायला पाहिजे. हेडसेटमधल्या उन्हावर भरवसा ठेवू का?

रंकाळा_पश्चिम:

ठेवा, पण आधी मॉडेल कोल्हापुरात आणा. स्केचअपची नवीन फाइल मुळात अमेरिकेतल्या बोल्डर गावात असते, अक्षांश ४०. आपण १६.७ वर. तिथं दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला, आपल्याकडं मे च्या दुसऱ्या आठवड्यापासून साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी तो उत्तरेला असतो. जिओलोकेशन (मॉडेलची पृथ्वीवरची जागा) न घालता दाखवलं तर उत्तरेच्या खिडकीला भर दुपारी कधी ऊनच लागत नाही असं दिसेल, आणि मे महिन्यात ती खोली तापेल तेव्हा तुम्हाला फोन येईल. टाइम झोन पण तपासा, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढं पाहिजे.

कोल्हापूरकरांना हे वेगळं समजवायला लागतच नाही. अंबाबाईचा किरणोत्सव बघा, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येऊन आधी पाय, मग छाती, मग मुख. वर्षातनं दोनदा का, तर सूर्य दक्षिणेकडं जाताना आणि परत उत्तरेकडं येताना जवळपास त्याच कोनातनं जातो म्हणून. आणि वाटेत एखादी इमारत थोडी उंच झाली की किरण आधीच अडतात. तुमच्या देवघराचंही हेच, नुसतं तुमचं घर मॉडेल करून ऊन कळणार नाही, पूर्वेच्या शेजाऱ्याचं घर आणि उद्या तो चढवू शकेल तो मजला, दोन्ही साधे ठोकळे म्हणून उभे करा. मग २१ जून, २१ डिसेंबर आणि मधली एक तारीख लावून सकाळी सात ते नऊ वेळ सरकवत आजींना दाखवा. उत्तर दिशा मोजणीच्या नकाशावरनं घ्या, मोबाइलचा कंपास साइटवर सळईच्या ढिगाजवळ काहीही दाखवतो.

पंचगंगा_काठ:

वरच्याला जोडून, हे कळंब्यासाठी नाही पण नदीकडची कामं करणाऱ्यांसाठी. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी साइटच्या आसपास ज्या भिंतीवर लागलं होतं ती खूण शोधून लेव्हल घ्या आणि मॉडेलमध्ये तेवढ्या उंचीवर एक निळी पारदर्शक प्लेट टाका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट म्हणतात ते बंधाऱ्यावरचं मोजमाप आहे, तुमच्या प्लॉटवरची उंची नाही, ते आकडे सरळ टाकू नका. प्लिंथ (घराचं जोतं) दोन फूट वाढवायला नको म्हणणारा क्लायंट त्या प्लेटखाली स्वतःच्या हॉलमध्ये उभा राहिला की इलेक्ट्रिक बोर्ड वर घ्यायचं तोच सुचवतो.