टच बटणांच्या इंडक्शनवर हाताला कळतील अशा खुणा कशा कराव्यात?

राजारामपुरीकर: आईची दृष्टी जवळजवळ गेली आहे, वय ६८. ब्रेल येत नाही, पण स्वयंपाक तिलाच करायचाय. इंडक्शनची काच सपाट, मीठ-साखरेचे डबेही एकसारखे. टिकतील अशा खुणा कशाने कराव्यात?

करवीर_दुरुस्ती: आधी बटण दाबल्यावर खाली जातं का बघा. जात असेल तर खूण बटणावरच करा. नुसत्या स्पर्शाने चालत असेल तर बटणावर काहीही लावू नका, खूण चाचपतानाच शेगडी सुरू होते. बटणाच्या अलीकडे १ सेंमीवर ठिपका द्या. बोट ठिपक्यावर टेकवून सरळ पुढे न्यायचं.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत हार्डवेअरवाल्याकडे न्यूट्रल सिलिकॉन सीलंट मागा. काच स्पिरिटने पुसून वाळवा, टूथपिकने तुरीच्या डाळीएवढा थेंब ठेवा, उंची दीड ते दोन मिमी. २४ तास हात नको. ग्लू गनचा गोंद उष्णतेने मऊ पडून निघतो, नेलपॉलिश फार चपटं बसतं. तीनच खुणा करा: चालू-बंदला आडवी रेघ, वाढवायला एक थेंब, कमी करायला दोन. सगळ्याच बटणांना ठिपके दिले तर बोट गोंधळतं.

रंकाळा_काठ: आवाजाचाही उपयोग करा. बहुतेक शेगड्या दर वेळी ठरावीक पातळीवरच सुरू होतात. ती एकदा बघून ठेवा आणि 'दुधाला कमीचं बटण तीनदा, म्हणजे तीन बीप' असं आईंना सांगा. दुधाच्या पातेल्यात तळाशी लहान स्टीलची बशी पालथी ठेवा, उकळी जवळ आली की ती खडखडते. तांब्या भरत आला की पाण्याच्या आवाजाचा सूर चढत जातो, बोट बुडवायला नको.

राजारामपुरीकर: आईला मधुमेह आहे. बोटं थोडी बधिर असतात.

करवीर_दुरुस्ती: मग हे आधी सांगायला हवं होतं! थेंब ३ मिमी उंच करा आणि दोन थेंबांत बोटभर अंतर ठेवा. ब्रेलच्या ठिपक्यांत जेमतेम अडीच मिमी अंतर असतं, तशा बोटांना ते अवघडच. भांडं उतरल्यावरही काच तापलेली असते आणि बधिर बोटाला चटका उशिरा कळतो, म्हणून पातेल्याची जागा सोडून पुढच्या कडेवरूनच चाचपायची सवय लावा.

शाहूपुरी_ताई: डब्यांची खूण झाकणावर नको, झाकणं बदलतात. अंगावर करा. मिठाला एक रबरबँड, साखरेला दोन. तेलकट हाताने रबर चिकट होऊन तुटतं, तेव्हा महिन्याला बदला. कांदा-लसूण चटणी वेगळ्या घाटाच्या बरणीत ठेवा, हुंगून ओळखायला लावू नका, तिखट नाकात जातं. आणि खुणा कुठे हव्यात ते आईंच्या हातानेच ठरवा.