टँकरवरचं 'इन्फ्लेमेबल' पुसायचं की नाही?

गाडीतळ (धागाकर्ता)
पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इन्फ्लेमेबल', म्हणजे चटकन पेट घेणारं, असं ठळक रंगवलेलं असतं. इनकरेक्ट, इनव्हिजिबल, इनकम्प्लीट असं शिकत आलेल्या माणसाने त्याचा अर्थ 'अजिबात न पेटणारं' असा लावला, तर त्याला हसायचं कशाला? इथला 'इन' नकाराचा नाही, लॅटिनमधल्या 'पेटवणे' या क्रियापदातूनच आलेला आहे, हे मान्य. पण हे टँकरमागे उभं राहून कोण कोणाला समजावणार?

त्याच अर्थाचा 'फ्लेमेबल' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, बराच काळ अडगळीत पडलेला. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने तो उचलून धरला. 1959 मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही तोच वापरा म्हणून सांगितलं. रसायनांच्या लेबलांसाठी संयुक्त राष्ट्रांची जी पद्धत आहे, तिच्यातही 'फ्लेमेबल'च. आपणच जुनं कवटाळून बसलोय. माझं मत: पुसा.

शब्दवेडी
साफ असहमत. उपसर्गाला एकच अर्थ असतो हे कुणी सांगितलं? 'निर्भय' म्हणजे भय नसलेला, पण 'आनंदनिर्भर' म्हणजे आनंदाने भरलेला. 'निर्भर्त्सना' वाचून 'वा, भर्त्सना टळली' असं म्हणणारा मराठी माणूस दाखवा. शब्द वापरातून कळतो, फोड करून नव्हे.

आणि हा शब्द काही कालचा नाही. 1766 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने हायड्रोजनचा अभ्यास मांडला तेव्हा त्या वायूला 'इन्फ्लेमेबल एअर' म्हटलं होतं. तापट माणसाच्या स्वभावालाही इंग्रजीत 'इन्फ्लेमेबल' म्हणतात, तिथे 'फ्लेमेबल' घालून बघा कसं वाटतं. भडकाऊ भाषणाचं 'इन्फ्लेमेटरी' आणि सुजेचं 'इन्फ्लेमेशन' त्याच घरातले. त्यांचंही 'इन' कापणार का?

गाडीतळ
ताई, 'निर्भर्त्सना'चा अर्थ चुकला तर परीक्षेत एक मार्क जातो. इथे कातडी जाते. स्वभाव, भाषण, सूज सगळं तुम्हाला लखलाभ, मी फक्त टँकर आणि डबे मागतोय. शिवाय न पेटणाऱ्या मालावर काय लिहाल? 'नॉन-इन्फ्लेमेबल'? म्हणजे नकारासारखं दिसणारं एक आणि खरा नकार एक, वाचणाऱ्याने बेरीज-वजाबाकी करत बसायचं.

फोमवाला
कारखान्यात सेफ्टीचं काम करतो म्हणून लिहितो. दोघेही रंगाच्या डब्यावरून भांडताय. 2017 च्या जूनमध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ टँकर उलटला, लोक बाटल्या-कळशा घेऊन सांडलेलं पेट्रोल भरायला धावले, आग लागली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. पेट्रोल पेटतं हे त्यांना माहीत नव्हतं? शब्द कोणताही असता तरी तेच झालं असतं.

खरं काम टँकरवरची माहितीची पाटी करते. 1203 म्हणजे पेट्रोल, जगभर हाच आकडा. त्याच्या वर '3 वाय ई' असतं. 3 म्हणजे फोम, आग विझवायचा फेस, मारा. वाय म्हणजे श्वसनयंत्र लावा, गळती गटारात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. अग्निशमनवाला ते वाचतो, तुमचं विशेषण नाही.

शब्दवेडी
+1. हेच म्हणत होते.

गाडीतळ
हे नव्हतात म्हणत, पण असो.

पाना_पक्कड
फोमवाला, तुमचा दाखला पेट्रोलचा आहे, म्हणून तुम्ही जिंकल्यासारखे वाटता. पेट्रोल पोरालाही ओळखू येतं. थिनर, नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन, डिओची बाटली, 2020 मध्ये घरोघरी आलेलं सॅनिटायझर, यांचं काय? सॅनिटायझर चोळून लगेच गॅस पेटवणारे कमी नव्हते. तिथे आकड्यांची पाटी नसते, बारीक छापलेला एक शब्दच असतो.

शब्दाने फरक पडत नाही म्हणता, तर बेंजामिन व्होर्फ यांचं ऐका. भाषेचे अभ्यासक म्हणून नाव झालं, पण नोकरी अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या अग्निविमा कंपनीत, आगी का लागतात ते तपासायची. त्यांनी नोंदवलंय की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागत आणि 'रिकामी' म्हटलेल्या पिंपांजवळ खुशाल विड्या ओढत. रिकाम्या पिंपात वाफ कोंडलेली असते, ती जास्त घातक. एका साध्या 'रिकामी'ने माणसं गाफील झाली.

फोमवाला
पिंपांचं अगदी खरं. आमच्याकडे रिकाम्या पिंपाला वेल्डिंग लावायला मी अजूनही लेखी परवानगी मागतो, पोरं वैतागतात. पण त्यावरचा उपाय 'वाफ आहे' असं लिहिणं हा आहे. 'इन' काढून काय साधणार?

चहा_कटिंग
इंग्रजीच कशाला? मराठीत लिहा की.

शब्दवेडी
'ज्वालाग्राही' आहेच. सुंदर शब्द.

पाना_पक्कड
सुंदर आहे, पण आमच्या गॅरेजमधल्या पोराला विचारलं तर म्हणेल कुठलं तरी ग्रहण लागलंय. त्यापेक्षा 'ज्वलनशील' बरा, बातम्यांत तरी कानावर पडतो. मला विचाराल तर डब्यावर सरळ 'लगेच पेटतं, विडी-काडी लांब ठेवा' असं छापा. आणि लाल चौकटीतलं ज्योतीचं चित्र असतं ना, ते बारकोडपेक्षा मोठं करा. सध्या थिनरच्या डब्यावर ते नखाएवढं असतं, तेही किमतीच्या स्टिकरखाली.