मे महिन्यात मोटरहोमने म्हापसा ते काणकोण : दुपार कुठे आणि कशी काढावी?

बार्देसकर (प्रश्न)

नमस्कार. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या भावाचे कुटुंब पुण्याहून भाड्याचे मोटरहोम घेऊन आमच्याकडे म्हापशाला येत आहे. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या या गाडीत झोपण्याची सोय, टपावर एसी, 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवर लिथियम बॅटरी, 400 वॅटची सौर पॅनेले आणि गॅसवर चालणारा छोटा फ्रिज आहे. सकाळी म्हापशाहून निघून काणकोण गाठावे, दुपार किनाऱ्यालगत गाडीतच काढावी, संध्याकाळी तिथेच स्वयंपाक करून रात्री मुक्काम करावा, असा भावाचा बेत आहे. बरोबर 72 वर्षांची आई आणि 4 वर्षांची पुतणी असेल. आम्ही गोव्यातलेच असल्यामुळे येथील उकाडा आम्हाला नवा नाही, पण तो घरात, पंख्याखाली आणि कौलांच्या छपराखाली सोसलेला आहे. पत्र्याच्या गाडीत तो कसा असेल याचा अंदाज येत नाही. एसी बॅटरीवर चालतो एवढेच मालक सांगतो, किती वेळ चालतो ते सांगत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वीजतंत्री, फोंडा

मालक सांगत नाही ते आपणच मांडून पाहू. 12 व्होल्ट गुणिले 200 अँपिअर-अवर म्हणजे 2,400 वॅट-अवर, अर्थात घरच्या मीटरवरचे साधारण अडीच युनिट. टपावरचा एसी इन्व्हर्टरमधली गळती धरून ताशी एक युनिटाहून थोडे अधिक घेतो. थोडक्यात, बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी एसी दोन तासांच्या आसपास चालेल. घरी खोली थंड झाली की कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो आणि विजेची बचत होते. मे महिन्याच्या भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो बंद होण्याची वेळच येत नाही.

सौर पॅनेलांवर फार भिस्त ठेवू नये. पॅनेलावर छापलेली क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशामागे सुमारे 0.4 टक्के उत्पादन घटते. तापलेल्या टपावर पॅनेल सहज 60 अंशांपर्यंत जाते, म्हणजे 14 टक्के तिथेच गेले. धूळ आणि तारांमधली घट वेगळी. 400 वॅटच्या पॅनेलांतून भर उन्हात 300 वॅट मिळाले तरी समाधान मानावे, आणि एसीला त्याच्या तिपटीहून अधिक लागतात. त्यातही पॅनेलांना ऊन हवे असते आणि माणसांना सावली. या दोन्ही गोष्टी एका जागी मिळत नसल्यामुळे एकीची निवड करावीच लागते, आणि माझ्या मते ती निःसंशय सावलीची करावी. उन्हात उभे राहून कमावलेली वीज उन्हाने तापलेली गाडी थंड करण्यातच जाते.

यावर खरा उपाय म्हणजे दुपारी जिथे थांबाल तिथे बाहेरची वीज घेणे. यजमानाकडे 16 अँपिअरचा, अर्थिंग नीट असलेला सॉकेट आहे का, हे आधीच विचारून ठेवा आणि जाड तारेची तीनपदरी वायर जवळ बाळगा. मोबाइल चार्ज करायच्या बारीक एक्स्टेन्शनवर एसी लावणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. रात्रीसाठी मात्र बॅटरी पुरते. 12 व्होल्टचे दोन पंखे रात्रभर चालले तरी साधारण अर्धा युनिटच खर्च होते. आपल्याकडे हवा सहसा 33–34 अंशांपुढे जात नाही, म्हणजे त्वचेहून किंचित थंडच असते, त्यामुळे पंख्याचा उपयोग निश्चित होतो. कूलरचा होत नाही. नागपूरकडे वाळ्याचे पडदे आणि कूलर यांनी घर गार होते ते तिथली हवा कोरडी असते म्हणून. आपल्या दमट हवेत पाणी उडून जात नाही आणि कूलरमुळे गाडीत ओलावाच वाढतो. पुण्याच्या मंडळींना हे पटवून द्यावे लागेल, कारण त्यांना कूलरची सवय असते.

फ्रिजविषयी दोन शब्द. गॅसचा फ्रिज बाहेरची हवा तापली की मंद होतो आणि गाडी कलती उभी असली तर आणखी बिघडतो. गाडी समतल उभी करा, त्याची मागची जाळी मोकळी ठेवा, आदल्या रात्री घरीच तो थंड करून आत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या भरा. दूध आणि मासळी त्याच्या भरवशावर दिवसभर ठेवू नका. गाडी चालत असताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद असावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला झरोका आहे ना, हेही गाडी ताब्यात घेतानाच पाहावे.

किनारपाल

किनाऱ्यावर स्वयंपाक करण्याचा विचार सोडून द्यावा. पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी 2001 साली केलेल्या कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली आणि उघड्यावर स्वयंपाक करणे व मद्य पिणे दंडनीय ठरले. दंडाच्या रकमा पुढे वाढतच गेल्या आहेत. वाळूत गाडी नेण्यासही बंदी आहे. शिवाय आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि उशिराच्या घरट्यांतून मे महिन्यातही पिल्ले बाहेर पडतात. किनाऱ्यालगत दिवे लावून बसलेल्या गाडीमुळे ती समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात. शौचालयाची टाकी व्हाळात (ओढ्यात) किंवा शेतात रिकामी करू नये, हे आपल्याला सांगण्याची गरज नसावी, पण भाड्याची गाडी घेणाऱ्या काही जणांना ते सांगावे लागते.

तळपणकाठ

मी काणकोणचा. माझे मत असे की दिवसाचा आराखडा किनाऱ्याभोवती न आखता दुपारच्या मुक्कामाभोवती आखावा, आणि तो मुक्काम कुळागरात, म्हणजे घरालगतच्या पोफळींच्या (सुपारीच्या) बागेत असावा. पोफळी, माड, केळी, मिरवेली यांची दाट छाया आणि पाटाचे वाहते पाणी यांमुळे कुळागरात शिरताच हवेतला फरक कळतो. पैंगिण आणि खोतीगावच्या बाजूला अशी घरगुती ठिकाणे आहेत; मालकाशी आधी बोलून, जागेचे आणि विजेचे पैसे ठरवून जावे. गाडी मात्र पोफळींमध्ये घुसवू नये, कारण तिथली वाट अरुंद असते आणि खालून पाट गेलेले असतात. ती अंगणात आंब्याखाली किंवा फणसाखाली लावावी. माडाखाली कधीही लावू नये. नारळ राहू द्या, नुसती सुकलेली झावळ पडली तरी पॅनेलाची काच फुटते. गाडीची उंची मीटरमध्ये विचारून घ्या, कारण आमच्या वाड्यांवरील विजेच्या तारा आणि फांद्या मोटरहोमचा विचार करून लावलेल्या नाहीत.

गाडीचे तोंड कुठे असावे यालाही महत्त्व आहे. मे महिन्याच्या आरंभी गोव्यात सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि नंतर थोडा उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे दुपारी बाराला ऑनिंगची (गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराची) सावली गाडीच्या कोणत्याही बाजूला फारशी लांब पडत नाही आणि सगळा मारा टपावर होतो. म्हणून झाडाची सावली टपावर हवी. तीननंतरचे ऊन पश्चिमेकडून तिरके येते; गाडी पूर्व-पश्चिम उभी करून समोरची मोठी काच पूर्वेकडे ठेवली तर लांब बाजू त्यातून वाचतात. दुपारचे खारे वारेही पश्चिमेकडूनच येतात, तेव्हा मागची खिडकी उघडी ठेवावी. रात्री मतलई वारे उलट दिशेने सुटतात, पण मे महिन्यात ते इतके मंद असतात की त्यांच्यावर विसंबून पंखा बंद करू नये.

म्हापशाहून काणकोण साधारण 80 किलोमीटर आहे. पहाटे साडेपाचला निघालात तर पणजीचा, मांडवीवरचा अटल सेतू आणि जुवारीचा नवा पूल कार्यालयीन गर्दीआधी पार होतील आणि बाळ्ळीच्या पुढचा करमल घाट ऊन चढण्यापूर्वी संपेल. तो घाट फार उंच नाही, पण वळणे दाट आहेत आणि भरलेली गाडी उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसल्यास ब्रेक तापतात. खालच्या गिअरमध्येच उतरावे. टायरची हवा घरून निघतानाच, टायर थंड असताना तपासावी. वाटेत तापल्यावर दाब वाढलेला दिसेल, तो स्वाभाविक असतो, म्हणून हवा काढू नये. पाळोळ्याला संध्याकाळी पाचनंतर जा, गाडी पैसे देऊन लावायच्या जागेत लावा आणि किनाऱ्यावर पायी उतरा. सूर्यास्त सातच्या सुमारास आहे, तेव्हा घाई नाही.

बार्देसकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुळागराची सूचना आईला फारच आवडली. एक शंका उरते. आयत्या वेळी विजेचा पुरवठा खंडित झाला, तर इंजिन सुरू ठेवून चालकाच्या बाजूचा एसी लावून तासभर झोपणे योग्य ठरेल का?

निवृत्त आरोग्यसेवक

नाही. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून आत झोपल्यास धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. जनरेटर खिडकीजवळ ठेवून झोपण्यालाही हेच लागू आहे. वीज गेली तर सरळ गाडीतून उतरून यजमानाच्या ओसरीवर चटई टाकावी.

आईंना रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यातील प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. तहान लागेपर्यंत वाट न पाहता आई आणि पुतणी या दोघींनाही थोडे थोडे पाणी द्यावे. आमसुलाचे सरबत मीठ-साखर घालून चांगले, पण उलट्या-जुलाब झाल्यास ओआरएसच द्यावे, तेही पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी तो नाकारू नये, कारण दमट हवेत घाम येतच राहतो. 108 ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतून जोराचा वारा घालत राहावे; शुद्ध नसताना तोंडात काहीही घालू नये. काणकोणला सरकारी आरोग्य केंद्र आहे, तिथवरचा रस्ता आधीच पाहून ठेवा. पुतणीला गाडीत एकटी सोडून दोन मिनिटांसाठीसुद्धा दुकानात जाऊ नका, कारण बंद गाडी तेवढ्या वेळातही झपाट्याने तापते.

तळपणकाठ

वरच्या मजकुराला एक पुरवणी जोडतो. त्या दिवसांत दुपारनंतर अवकाळी गडगडाट होऊ शकतो. आकाश पूर्वेकडे काळवंडू लागले की प्रथम ऑनिंग गुंडाळावे, कारण पावसाआधीची वावटळ ते मुळासकट उपटते. आंब्याखाली गाडी लावण्याचा माझा सल्ला विजा कडाडू लागेपर्यंतच लागू आहे. तेव्हा गाडी झाडापासून दूर, मोकळ्या अंगणात घ्यावी, बाहेरच्या विजेची वायर काढावी आणि सर्वांनी यजमानाच्या पक्क्या घरात जावे.