सगळ्यांना सारखीच मजुरी, मग चांगलं वागायचं कशाला? (देवाचं राज्य, मत्तय २०)

नगरची_लेक
सर्वांना सलाम. मी आमच्या मंडळीत संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना शिकवते. गेल्या रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानातला, येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (बोधकथा) घेतला, पहाटेपासून राबलेल्यालाही एक दीनार आणि संध्याकाळी ५ला आलेल्यालाही एक दीनार. एका मुलाने सरळ विचारलं, टीचर देवाचं राज्य असं फुकटच मिळणार असेल तर आम्ही चांगलं वागायचं कशासाठी? मी काहीतरी बोलले पण माझंच समाधान झालं नाही. एकीकडे राज्य हे देवाचं दान म्हणायचं आणि दुसरीकडे येशूचं डोंगरावरचं प्रवचन इतकं कडक, शत्रूवर प्रीती करा, एक गाल मारला तर दुसरा पुढे करा. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं?

वसईचा_वाचक
ताई, मुलाचा प्रश्न फार चांगला आहे, त्याला गप्प केलं नाहीत हे बरं केलंत. एक अध्याय मागे जा. १९व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो की आम्ही सगळं सोडून तुमच्या मागे आलो, आम्हाला काय मिळणार? हा दाखला त्याच्यानंतर लगेच येतो, म्हणजे हिशोब मांडून बसलेल्या शिष्यालाच येशू हे सांगतोय. आता दीनार म्हणजे काय तर एका दिवसाची मजुरी, घरात चूल पेटेल एवढी. ५ वाजता बाजारात उभे असलेले लोक आळशी नव्हते, ते स्वतःच सांगतात की आम्हाला कोणी कामावर घेतलं नाही. आपल्याकडे मजूर नाक्यावर सकाळी ११नंतर जे उरतात त्यांची तोंडं बघा म्हणजे कळेल. त्यांना तासाच्या हिशोबाने दिलं असतं तर रात्री पोरं उपाशी झोपली असती. आणि मालक पैसे देतो ते संध्याकाळीच, कारण मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवू नये असं मोशेच्या नियमशास्त्रातच आहे. म्हणजे देव जिथे राजा असतो तिथे माणसाची किंमत त्याच्या तासांवर ठरत नाही. हे ज्याला पटलं तो उद्या स्वतः कोणाला कामावर ठेवेल तेव्हा त्याची मजुरी अडवेल का? माझ्या मते ख्रिस्ती नीती इथून सुरू होते, आधी मिळतं आणि मग वागणं बदलतं. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेल्या जकातदार जक्कयचं बघा, येशू आधी त्याच्या घरी गेला, अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं तो त्यानंतर बोलला.

उपासक
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. आपण देवाच्या राज्याचा कामगार कायदा करून टाकतोय असं वाटतं. येशूने रोमी सुभेदार पिलाताला स्पष्ट सांगितलं की माझं राज्य ह्या जगाचं नाही. राज्य येणार ते प्रभू येईल तेव्हा, आपण फक्त पश्चात्ताप करून तयार राहायचं. अल्बर्ट श्वाइट्झरसारखा मोठा अभ्यासकही म्हणायचा की येशूची कडक शिकवण ही शेवट अगदी जवळ आलाय असं धरून, मधल्या थोड्या काळापुरती होती.

सातारकर
उपासकजी, राज्य पूर्णपणे देवच आणणार हे मान्यच, आपण बांधून काढायची ती गोष्ट नाही. पण मधल्या काळापुरती हे पटत नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत 'तुझं राज्य येवो' म्हटलं की लगेच पुढे 'पृथ्वीवर' येतं की नाही? आणि तिथेच क्षमेचंही मागणं आहे. मत्तय १८मधला चाकर आठवा, राजाने त्याचं दहा हजार तालांत कर्ज माफ केलं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, सात जन्मांत फिटायची नाही. आणि त्याने सोबतीच्या चाकराचा गळा धरला तो त्याच्याकडून येणं असलेल्या १०० दीनारांसाठी. तीनेक महिन्यांची कमाई, तीही काही लहान रक्कम नाही, आपल्याला लोक दुखावतात ते खरंच दुखतं. पण ६ कोटी माफ झालेला माणूस तसाच राहिला तर त्याला माफी कळलीच नाही. नगरची_लेक ताई, तुमच्या मुलाला हाच दाखला सांगा, फुकट मिळालं म्हणून काहीही चालतं असं येशू अजिबात म्हणत नाही, शेवटी त्या चाकराला राजा शिक्षाच करतो.

आमच्या साताऱ्याचंच उदाहरण द्यायचं तर ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ साली इथे 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने असा दरबार मांडावा ह्याचं मला फार मोल वाटतं. दोन वर्षांतच ते गेले, पण राज्य येणार म्हणून ते नुसते वाट बघत बसले नाहीत.

नगरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. एक शंका आहे, पहाटेपासून राबले त्यांचं काय? मुलं त्यांचीच बाजू घेतात, त्यांच्या घरात आईवडील तसेच राबतात ना.

वसईचा_वाचक
मग ती बाजू घेऊ द्या. मालक त्यांच्यातल्या एकाला 'मित्रा' म्हणून बोलतो, हाकलून देत नाही, आणि ठरलेल्यातला एक पैसाही कापत नाही. लूक १५मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात, धाकटा परत आल्यावर रुसलेल्या थोरल्या भावालासुद्धा बाप स्वतः बाहेर येऊन समजावतो. पुढच्या रविवारी मत्तय १८ आणि लूक १५ दोन्ही जोडून घ्या, एक तास कमी पडेल पण घ्याच.