अकादमीतला खेळाडू लोनवर पाठवताना क्लबने नेमके काय पाहावे?

डावखुरा (प्रश्न)

इंग्लिश प्रीमियर लीग मी बरीच वर्षे पाहत आहे, तरी एक गोष्ट मला अजून पटलेली नाही. मोठे क्लब आपल्या अकादमीतील अठरा-एकोणीस वर्षांची मुले खालच्या विभागातील क्लबांकडे लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसनी, पाठवतात. समर्थनार्थ नेहमी टॉटनम क्लबच्या अकादमीतून आलेला आघाडीचा खेळाडू हॅरी केन याचे नाव घेतले जाते. पण त्याच्या चार लोनमधील लीग सामन्यांचा हिशेब मांडला, तर लेटन ओरिएंटकडून 18 सामन्यांत 5 गोल, मिलवॉलकडून 22 सामन्यांत 7, नॉरिचकडून 3 सामन्यांत एकही नाही आणि लेस्टरकडून 13 सामन्यांत 2, एवढेच हाती लागते. हाच खेळाडू 2014-15 मध्ये प्रीमियर लीगमध्ये 21 गोल करतो. मग लोनने त्याला घडवले, की लोनवर जाऊनही तो घडला? ते दिवस त्याने टॉटनमच्या मुख्य संघाबरोबर सरावात घालवले असते, तर ते अधिक हिताचे नव्हते का?

जुना गोलरक्षक

आपण चारही लोन एकाच तराजूत तोलले आहेत, आणि माझ्या मते गफलत तिथेच होते. नॉरिचला जाताच केनच्या पायाचे हाड मोडले, त्यामुळे त्या शून्याचा त्याच्या कुवतीशी काहीही संबंध नाही. लेस्टरचा संघ प्रीमियर लीगमध्ये बढती मिळवण्याच्या शर्यतीत होता आणि आघाडीच्या जागा भरलेल्या होत्या. मे 2013 मध्ये वॉटफर्डविरुद्धच्या प्ले-ऑफ (बढतीसाठीच्या बाद फेरीच्या) उपांत्य सामन्यांत केन आणि जेमी वार्डी दोघेही राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेले होते. मिलवॉलची गोष्ट मात्र वेगळी आहे. 2012 च्या पूर्वार्धात तो संघ चॅम्पियनशिपमधून (प्रीमियर लीगच्या खालच्या, दुसऱ्या विभागातून) खाली घसरू नये म्हणून झगडत होता, आणि अशा ठिकाणी अठरा वर्षांच्या मुलाने चेंडू गमावला तर सोबतच्या तीस वर्षांच्या खेळाडूचे पुढच्या वर्षीचे वेतन धोक्यात येते. अकादमीच्या सामन्यात हा दबाव कितीही प्रयत्न केला तरी निर्माण करता येत नाही. मुख्य संघाबरोबरच्या सरावात उत्तम खेळाडू जवळून पाहता येतात, हे खरे. परंतु सरावात केलेल्या चुकीची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही.

म्हणून मी गोल मोजत नाही. उसना घेणाऱ्या क्लबला त्या मुलाची खरोखर गरज आहे का, एवढेच पाहतो. 2011 मध्ये डेव्हिड डे हेया मँचेस्टर युनायटेडकडे गेल्यामुळे अ‍ॅटलेटिको माद्रिदची गोलरक्षकाची जागा रिकामी झाली होती, आणि चेल्सीने नुकत्याच घेतलेल्या एकोणीस वर्षांच्या तिबो कोर्त्वाला तिथे धाडले. तीन हंगामांत त्याने युरोपा लीग आणि ला लीगा या दोन्ही स्पर्धा जिंकल्या, आणि 2014 मध्ये परतल्यावर पीटर चेकसारख्या गोलरक्षकाची जागा घेतली.

मधली फळी

वरील मत मला मान्य आहे, पण त्यात अर्धीच बाजू आली आहे. उसना देणाऱ्या क्लबकडे परतणाऱ्यासाठी जागा नसेल, तर उत्तम लोनही वाया जाते. केव्हिन डी ब्रॉयनाने 2012-13 मध्ये वेर्डर ब्रेमेनकडून 33 लीग सामन्यांत 10 गोल केले. तरीही चेल्सीत परतल्यावर त्याला पुरेशी संधी मिळाली नाही आणि जानेवारी 2014 मध्ये तो वोल्फ्सबर्गला विकला गेला. लुकास पियाझोन तर चेल्सीचाच खेळाडू म्हणवत सात क्लबांकडे फिरला. याउलट 2019 मध्ये चेल्सीवर नवे खेळाडू घेण्याची बंदी आली, तेव्हा लोनवरून परतलेल्या मेसन माउंट, टॅमी अब्राहम, फिकायो टोमोरी आणि रीस जेम्स यांना एकाच हंगामात मुख्य संघाचे दार उघडले. ती मुले रातोरात सुधारली नव्हती. जागा रिकामी झाली होती.

2022 पासून फिफाने लोनच्या संख्येवर मर्यादा घातली, परंतु 21 वर्षांपर्यंतचे आणि क्लबने स्वतः घडवलेले खेळाडू त्यातून वगळले आहेत. म्हणजे ज्यांची सर्वाधिक काळजी वाटते, तीच मुले त्या मर्यादेबाहेर राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पेठेतला प्रेक्षक

आपल्याकडे इंडियन अ‍ॅरोज या भारतीय फुटबॉल महासंघाच्या तरुणांच्या संघाच्या रूपाने याच प्रश्नावर वेगळा उपाय करून पाहिला गेला. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात खेळलेली बरीच मुले, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, एकाच संघात ठेवून आय-लीग या राष्ट्रीय लीग स्पर्धेत उतरवली गेली. त्यांना सामने मिळाले, पण तो संघ 2017-18 मध्ये तळाला राहिला. लोनवर गेलेला मुलगा दहा अनुभवी माणसांमध्ये एकटा असतो आणि सामना हातातून निसटू लागल्यावर काय करायचे, हे त्यांच्याकडे पाहून शिकतो. अ‍ॅरोजमध्ये अकराही जण समवयस्क. असे शिकायचे कोणाकडे पाहून?

डावखुरा

मिलवॉल आणि नॉरिच यांतला फरक मी लक्षात घेतला नव्हता, हे मान्य करतो. तरीही एक शंका उरते: घसरणीच्या भीतीने ग्रासलेला प्रशिक्षक दोन पराभवांनंतर सर्वप्रथम उसन्या मुलालाच बाहेर बसवणार नाही का?

जुना गोलरक्षक

बसवू शकतो, आणि पुष्कळदा बसवतोही. म्हणूनच लोनच्या करारात मध्येच परत बोलावण्याची तरतूद असावी असे मला वाटते. मुलगा बाकावर बसूनच राहिला, तर जानेवारीत त्याला माघारी आणून गरज असलेल्या दुसऱ्या क्लबकडे पाठवता येते. केनलाही नॉरिचहून त्याच हंगामात परत आणून लेस्टरकडे धाडले होते.